बाईंचं देणं

नगरच्या मिशन कंपाउंडात बाईंना नावानं हाक मारणारं कोणी उरलं नव्हतं. मुलींच्या शाळेत त्यांनी उभा जन्म शिवण शिकवलं, त्यामुळे आया, लेकी आणि नाती या सगळ्यांच्या त्या बाई. पाळकसाहेब बाई म्हणत, दूधवाला बाई म्हणे, आणि मुंबईला रेल्वेत असलेला त्यांचा एकुलता एक मुलगाही ऐकून ऐकून बाईच म्हणायला लागला होता. मीही इथं तेवढंच लिहिते. नाव लिहिलेलं त्यांना आवडलं नसतं.

त्या आमच्या नात्याच्या नव्हत्या, जातीच्या नव्हत्या, धर्माच्याही नव्हत्या. कंपाउंडच्या भिंतीला लागून एक चाळ होती, तिथं आम्ही भाड्यानं राहायचो. वडील एसटीत कंडक्टर. एसटीची अगदी पहिली गाडी १ जून १९४८ ला नगर-पुणे रस्त्यावर धावली, याचा नगरच्या एसटीवाल्यांना फार अभिमान, आणि वडिलांना तर ती गाडी आपल्याच घरातली वाटायची. त्यांची ड्यूटी बहुतेक मुक्कामी गाडीवर असे. संध्याकाळी नगरहून निघायचं, पाथर्डी-जामखेडकडच्या एखाद्या गावात रात्र काढायची आणि पहाटेची पहिली फेरी घेऊन परत यायचं. घरात आई आणि मी.

१९६४ साली आईला टीबी झाला. आज हा शब्द ऐकून कोणी दचकत नाही, पण तेव्हा तो चाळीत शिरला की दारं लागायची. माझ्याशी खेळायला येणाऱ्या मुली यायच्या थांबल्या. नळावर आमची बादली वेगळी ठेवा, असं आम्हाला सांगण्यात आलं. नातेवाइकांनी पत्रातून काळजी व्यक्त केली, पण 'पोरीला इकडं पाठवा' असं एकाही पत्रात नव्हतं. मी त्यांना दोष देत नाही. सगळ्यांच्या घरात लहान मुलं होती, आणि भीती खरी होती.

बाई एका दुपारी आमच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. तोवर त्यांची आमची ओळख येता-जाता हसण्यापुरती. त्यांनी आजाराचं काही विचारलं नाही. वडिलांना एवढंच विचारलं, "भाऊ, तुम्ही मुक्कामाला गेल्यावर ही पोरगी कोणाजवळ असते?" वडिलांजवळ उत्तर नव्हतं. बाई म्हणाल्या, "मग आजपासून माझ्याकडं."

आईला खाट मिळाली तीही बाईंमुळेच. त्यांच्याबरोबर शिकलेली एक मैत्रीण मिरजेजवळ वानलेसवाडीच्या सॅनिटोरियममध्ये नर्स होती. तिला बाईंनी पत्र टाकलं आणि उत्तर येईपर्यंत रोज पोस्टमनला गाठलं. स्ट्रेप्टोमायसिनची इंजेक्शनं निघाली होती, टीबी बरा होऊ लागला होता, पण उपचार वर्ष-दीड वर्षाचा. उघड्या व्हरांड्यातल्या खाटा, अंडी, दूध, मोकळी हवा, आणि घोट घोट पाण्याबरोबर उतरवायच्या ढीगभर गोळ्या. आई तिकडं गेली आणि मी माझी गोधडी घेऊन भिंतीपलीकडं गेले.

बाईंचं घर म्हणजे एक खोली आणि मागं स्वयंपाकाची जागा. खिडकीशी पायमशीन, कोपऱ्यात लोखंडी ट्रंक, ट्रंकेवर पवित्र शास्त्र आणि कापडात गुंडाळलेलं 'उपासना संगीत'. पहाटे चार-साडेचारला मला कुजबुज ऐकू यायची. डोळे किलकिले करून पाहिलं की बाई ट्रंकेपाशी गुडघे टेकून बसलेल्या. त्यांची प्रार्थना म्हणजे बहुतेक नावंच असत. कंपाउंडातलं कोण आजारी, कोणाची सून अडली आहे, कोणाच्या मुलाची परीक्षा. मग माझ्या आईचं नाव, मग वडिलांची गाडी. "घाटातल्या सगळ्या गाड्या सांभाळ" असं त्या म्हणायच्या. एकट्या वडिलांची गाडी त्यांनी कधी मागितली नाही. सात वर्षांच्या मला त्या कुजबुजीत पुन्हा झोप लागायची. आई घरात नसताना ज्या पोरीला रात्री झोप येत नसे, तिला ती झोप लागायची, हे मी आजही विसरू शकत नाही.

एका पहाटे त्या नावांत माझ्या आजीचंही नाव ऐकलं. आजी, म्हणजे वडिलांची आई, आदल्याच आठवड्यात गावाहून येऊन बाईंच्या उंबऱ्याबाहेर उभी राहून बोलून गेली होती. "माझ्या नातीला बाटवाल तर याद राखा." बाईंनी तिला आत बोलावलं, चहा पुढं केला. आजीनं तो घेतला नाही. त्यावर बाईंनी कोणाजवळ चकार शब्द काढला नाही. आजीच्या गुडघेदुखीची चौकशी तेवढी वडिलांजवळ केली.

आजीच्या बोलण्याच्या आधीपासून बाईंचा एक नेम होता. तिन्हीसांजेला त्या मला हाताला धरून आमच्या खोलीत न्यायच्या. कुलूप उघडून द्यायच्या, चपला काढून दाराबाहेर थांबायच्या. मी देवापुढं दिवा लावायची, शुभं करोति म्हणायची. चाळीच्या शेजारात वर्षानुवर्षं ऐकून बाईंना ते पाठ झालं होतं. माझी ओळ चुकली की बाहेरून दुरुस्त करायच्या. दिवा शांत झाला की कुलूप लावून आम्ही परत. का, ते त्यांनी मला समजावून सांगितलं नाही. पुढं वडिलांनी एकदा विचारलं तेव्हा म्हणाल्या, "तिची आई परत येईल तेव्हा तिला तिची लेक जशीच्या तशी परत मिळायला हवी."

रविवारी मात्र मला एकटी कुठं ठेवणार, म्हणून मी त्यांच्याबरोबर चर्चमध्ये जायची. खरं तर बाईंचा रविवार शनिवारी दुपारीच सुरू होई. चर्च झाडायचं काम त्यांनी स्वतःहून घेतलेलं होतं. बाकांखालून झाडू फिरवायचा, प्रभुभोजनाच्या टेबलावरचं कापड धुऊन इस्त्री करायचं, पेटीवरचं आच्छादन झटकायचं. रविवारी पांढरं लुगडं, अंगभर पदर, आणि पहिली घंटा व्हायच्या आत त्या हजर. बसायच्या शेवटच्या बाकावर. कोणी बाई रडकं मूल घेऊन बाहेर गेली, कोणा म्हातारीला भोवळ आली, तर चटकन उठता यावं म्हणून. पेटी-तबल्यावर नारायण वामन टिळकांची गीतं सुरू झाली की बाईंचा आवाज सगळ्यांच्या मागून यायचा. तो गोड नव्हता, पण सुरात असायचा.

अर्पणाची थैली फिरायची तेव्हा सगळी मुलं नाणं टाकत. मलाही हवं होतं. बाईंनी दिलं नाही. "दुसऱ्याचा पैसा टाकून अर्पण होत नाही. तुझ्या वडिलांनी दिला तर टाक." मी वडिलांना सांगितलं. त्यांनी काही क्षण विचार केला आणि तिकिटाच्या पिशवीतून नव्हे, स्वतःच्या खिशातून पाच पैसे काढून दिले. पुढं दर रविवारी देत राहिले, आई परत आल्यावरही.

आता आईचं सांगते. हे मला तिनंच पुढं सांगितलं, आणि पुन्हा पुन्हा सांगितलं.

आईचे केस कमरेखाली होते. सॅनिटोरियममध्ये पडून पडून, तेल नाही, विंचरणं नाही, त्यांच्या जटा झाल्या. कापून टाका म्हणून तिथल्या बायका सांगत होत्या, आणि आईचा जीव होत नव्हता. भेटायला येणारे व्हरांड्याच्या खांबापाशी उभे राहून बोलत आणि गाडीची वेळ झाली म्हणून निघत. बाई पुण्यापर्यंत एसटीनं आणि पुढं रात्रीच्या रेल्वेनं गेल्या. पिशवीत माझं पाटीवर काढतात तसं मोठ्या अक्षरांतलं पत्र, खोबरेल तेलाची बाटली आणि दोन फण्या होत्या. त्या खांबापाशी थांबल्या नाहीत. सरळ खाटेवर बसल्या आणि म्हणाल्या, "वहिनी, पाठ करा इकडं."

आधी तेल. तळव्यावर घेऊन मुळांशी जिरवलं. मग एकेक बट बोटांनी सोडवायची, टोकाकडून वर, जाड दातांची फणी घालायची, मग बारीक. उवा-लिखा झाल्या होत्या, त्या काढायच्या. मध्ये एक फणी मोडली. दुपार सरली तरी काम चाललेलं. आई म्हणायची, "आजारपणात डॉक्टर-नर्सबाईंचे हात लागायचे, पण ते कामापुरते. त्या दिवशी कितीतरी महिन्यांनी मला कोणीतरी हात लावला." दोन वेण्या घालून झाल्यावर बाईंनी विचारलं, "तुमच्यासाठी प्रार्थना करू का?" आई हो म्हणाली. बाईंनी अगदी थोडक्यात केली आणि गाडी गाठायला उठल्या. निघताना सांगून गेल्या, "पोरगी वाचायला लागलीय. आता बरं व्हा."

मी वाचायला लागले होते ते बाईंच्या पद्धतीनं. त्यांच्या ट्रंकेवरचं पवित्र शास्त्र पंडिता रमाबाईंनी भाषांतर केलेलं होतं. बाईंची आई जन्मानं गुजराती. १९०० च्या दुष्काळात रमाबाईंनी गुजरातेतून ज्या मुली केडगावच्या मुक्तिसदनात आणल्या, त्यांतली एक. मराठी ती तिथंच शिकली आणि पुढं तिथल्याच छापखान्यात जुळारी झाली. साध्या बायकांना कळेल असं शास्त्र मराठीत आणायचं म्हणून रमाबाई हिब्रू आणि ग्रीक शिकल्या, वर्षानुवर्षं खपल्या, आणि काम हातावेगळं करून ५ एप्रिल १९२२ ला गेल्या. पुस्तक बाहेर आलं १९२४ मध्ये. त्याचे खिळे जुळवणाऱ्या त्यांच्या मुलीच होत्या. बाई पानावरून बोट फिरवत म्हणायच्या, "यातली काही अक्षरं माझ्या आईच्या हातची आहेत. कुठली ते ठाऊक नाही, म्हणून सगळीच नीट वाचायची."

नीट वाचायचं म्हणजे मोठ्यानं. पूर्णविरामाशी थांबायचं, जोडाक्षर खायचं नाही, आणि वाक्याचा शेवटचा शब्द गिळायचा नाही. "मागच्या बाकावर ऐकू कमी येणाऱ्या म्हाताऱ्या बसतात. त्या घरून चालत आलेल्या असतात. त्यांना शेवटचा शब्द ऐकू गेला नाही तर वाचलंस कशाला?" आधी मी शिकण्यासाठी वाचायची, पुढं बाईंची नजर अधू झाली तेव्हा त्यांच्यासाठी. शाळेतून आले की 'ज्ञानोदय' वाचायचा. १८४२ साली आमच्याच गावात सुरू झालेलं हे नियतकालिक त्यांना घरचं वाटे. लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' वाचताना त्या डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसायच्या. मी पुढं मराठीची शिक्षिका झाले. वर्गातल्या शेवटच्या बाकाकडं बघत वाचायची सवय मला कोणत्याही बी.एड.च्या कॉलेजनं लावली नाही.

शास्त्रातली एक गोष्ट त्यांनी माझ्याकडून फार वेळा वाचून घेतली. प्रेषितांच्या कृत्यांमध्ये यापोची टबीथा आहे, गरीब विधवांसाठी कपडे शिवणारी. ती मरते, पेत्र येतो, आणि खोलीत जमलेल्या विधवा रडत रडत तिनं शिवलेले अंगरखे त्याला दाखवतात. बाई म्हणायच्या, "बघ, तिची स्तुती करत बसल्या नाहीत. कपडे दाखवले."

स्वतः बाई झबली शिवायच्या. मिशनच्या दवाखान्यात बाळंत होणाऱ्या बायकांत पुष्कळ खेड्यातल्या, हातात काही नसलेल्या. कंपाउंडातली जुनी, धुऊन धुऊन मऊ झालेली लुगडी आणि धोतरं बाई गोळा करायच्या. त्यांच्या झबल्याची शिवण बाहेरच्या अंगाला असे. नवशिक्या मुली म्हणत, बाई, हे उलटं झालं. त्या म्हणत, "बाळाला बाहेरून कोण बघतंय? आतून टोचायला नको." बटण नाही, बंद, आणि तेही मानेपाशी नाही, बगलेत. १९७२ च्या दुष्काळात, लोक खडी फोडायच्या कामावर जात होते आणि रेशनवर लाल मिलो मिळत होती, तेव्हा जुनं कापडही मिळेना. लोकांनी लुगड्यांचे दोन-दोन तुकडे करून नेसायला घेतलेले. बाईंनी त्या वर्षी स्वतःची रविवारची दोन पांढरी लुगडी फाडली. त्यानंतर कित्येक महिने त्या चर्चला रंगीत लुगड्यात आल्या. बायकांत थोडी कुजबुज झाली, त्यांनी कारण सांगितलं नाही. मला ठाऊक होतं, कारण कापडाची दुसरी बाजू मीच ताणून धरली होती.

त्या मऊ स्वभावाच्या होत्या असं मात्र कोणी समजू नये. उपासनेला उशिरा येणाऱ्यांकडं त्या अशा बघायच्या की माणूस पुढच्या रविवारी वेळेवर यायचा. सिनेमाची गाणी घरात चालत नसत. महिला मंडळाच्या हिशेबात चार आणे कमी भरले तर बैठक उठू देत नसत. १९७० च्या नोव्हेंबरमध्ये अनेक मंडळ्या एकत्र येऊन उत्तर भारतीय चर्च स्थापन झालं, आमच्याकडं त्यावर पुष्कळ दिवस वाद चालले. दोन्ही बाजूंची माणसं बाईंना आपल्याकडं ओढू बघत. त्यांनी दोघांनाही ऐकवलं, "पाटी कोणतीही लावा, शनिवारी झाडायला कोण येणार ते सांगा." एक-दोघं खरोखर यायला लागले.

मार्चच्या पहिल्या शुक्रवारी स्त्रियांचा जागतिक प्रार्थनादिन असतो. दर वर्षी वेगळ्या देशातल्या स्त्रिया त्या दिवसाची प्रार्थना लिहून देतात. बाई आठवडाभर आधी मला शाळेतल्या नकाशापुढं उभं करायच्या आणि तो देश शोधून घ्यायच्या. कधीही न पाहिलेल्या त्या देशातल्या बायकांची पहाटेच्या नावांत मग भर पडायची. माझा भूगोल असा शिकून झाला.

आमच्या नगरात मिशनच्या कामाची आठवण निघाली की सिंथिया फरार यांची मुलींची शाळा निघते, ह्यूम साहेब निघतात, इमारती निघतात. निघायलाच हव्यात, सावित्रीबाई फुल्यांनी अध्यापनाचं शिक्षण घेतलं ते फरारबाईंच्या संस्थेत. पण त्या इमारती शंभर वर्षं झाडल्या कोणी, त्यांतल्या मुलींच्या वेण्या घातल्या कोणी, हे अहवालांत येत नाही. बाईंसारख्या बायका आपल्या हातचं काम ठेवून गेल्या आणि ते काम वापरून विरून गेलं. ते लिहून ठेवायला हवं असं मला वाटतं, म्हणून हा खटाटोप.

आई बरी होऊन आली आणि पुढं चांगली म्हातारी होईपर्यंत जगली. वडिलांनी बाईंना पैसे देऊ केले तेव्हा त्यांनी एवढंच मागितलं की रविवारी सकाळच्या गाडीला खेड्यातून येणाऱ्या म्हाताऱ्यांना चढताना हात द्यावा, आणि घंटी जरा उशिरा मारावी. वडील निवृत्त होईपर्यंत ते पाळत होते, आणि नव्या कंडक्टरांनाही बजावत होते. ज्या आजीनं चहा घेतला नव्हता, ती शेवटी गुडघ्याच्या उपचाराला नगरला आली तेव्हा बाईंकडं दुपारभर बसायची. दोघी काय बोलायच्या कोण जाणे. बाईंचे हात कापायला लागले तेव्हा माझी आई रोज सकाळी भिंतीपलीकडं जाऊन त्यांचे केस विंचरून यायची.

त्या गेल्या १९८९ च्या पावसाळ्यात, झोपेत. चर्च भरून बाहेर पटांगणात माणसं होती. कंपाउंडातली होती, चाळीतली होती, खेड्यांतून एसटीनं आलेल्या बायका होत्या, त्यांतल्या कितीतरी जणींना मी ओळखत नव्हते. पाळकसाहेबांनी मला शास्त्रपाठ वाचायला सांगितला. मी ख्रिस्ती नाही, हे त्यांना ठाऊक होतं आणि मंडळीलाही. मी टबीथाची गोष्ट वाचली. आवाज दोनदा अडला, पण शेवटचा शब्द गिळला नाही.

निवृत्तीनंतर मी गुरुवारी सरकारी दवाखान्याच्या बायकांच्या वॉर्डात जाते. खोबरेल तेल, दोन फण्या, रिबिनी. सुरुवातीला सिस्टर विचारायच्या, कुठल्या संस्थेच्या तुम्ही? आता विचारत नाहीत, कोणत्या खाटेवर जायचं ते सांगतात. मी प्रार्थना करत नाही, मला ती त्यांच्यासारखी येत नाही. नावं विचारून घेते आणि पहाटे जाग आली की आठवते. मागच्या आठवड्यात बाळंतिणींच्या बाजूला एक मुलगी होती, शेवगावकडची. केस सोडवताना तिनं दोनदा "हळू" म्हणून बजावलं. अर्ध्यात तिची सासू डबा घेऊन आली आणि खाटेच्या कडेला बसून माझ्याकडं बघत राहिली. मुलगी मान न वळवता म्हणाली, "मावशी, दोन नका, एकच घाला, आणि घट्ट घाला. उद्या घरी सोडणारेत, एसटीत तीन तास वारा लागतो."

मी वेणी उकलली आणि पुन्हा घातली, घट्ट.